परत वाचायचंय? मग आधी बघा जादू फुकट आहे का

ताईंचा प्रश्न मोठा होता, थोडक्यात सांगतो. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, आता पुण्यात नोकरीला, वय छत्तीस. दिवाळीत माहेरी आल्यावर माळ्यावरचं खोकं खाली काढलं, त्यात चांदोबाचे अंक, नारायण धारपांच्या भयकथा, हॅरी पॉटरचे सगळे भाग आणि कॉलेजात घेतलेलं जाडजूड लॉर्ड ऑफ द रिंग्ज निघालं. हौसेनं पॉटर परत वाचायला घेतलं तर पन्नास पानांतच जीव कंटाळला, आणि चांदोबा उघडला तर रात्री दोन वाजले तरी खाली ठेववेना. त्यांना विचारायचंय की असं का होतं, यातलं काय परत वाचावं, काय आठवणीतच राहू द्यावं, आणि नऊ वर्षांच्या लेकीला काय द्यावं.

ताई, तुम्ही मोठ्या झालात म्हणून पॉटर बोअर झालं असं काही नाही. "पुस्तक तेच असतं, आपण बदलतो" हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की मी चहा सांगतो आणि विषय बदलतो. तसं असतं तर लहानपणीचं सगळंच पडलं असतं ना, तुमचा चांदोबा कसा टिकला मग? तर फरक पुस्तकातच आहे, आणि तो कुठे आहे हे मला वाटतं मला थोडंफार सांगता येईल, कारण मी इथे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वडिलांच्या वेळचं छोटं खाजगी वाचनालय चालवतो आणि परत वाचणारी माणसं बघणं हा माझा अर्धा धंदाच आहे.

कॉम्प्युटर घेतला तरी मी देवघेवीची वही सोडलेली नाही. वहीत एका बाजूला मेंबरचा नंबर, एका बाजूला पुस्तकाचा, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. या दोन्ही एकत्र बघितल्या की कोण काय परत नेतंय ते डोळ्यांसमोर येतं. एक बँकेतले रिटायर्ड गृहस्थ आहेत, दर वर्षी पाऊस लागला की टॉल्कीनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तिन्ही भाग एकदम नेतात आणि नवरात्राच्या आसपास आणून देतात, मधे त्यांना दुसरं काही नको. उलट काही पुस्तकं अशी आहेत की ज्यांच्यासाठी एके काळी नंबर लागायचे, भांडणं व्हायची, पण एका मेंबरनं ते दुसऱ्यांदा नेलंय असं वहीत सापडत नाही. दोन्हीत राक्षस आहेत, दोन्हीत जादू आहे. मग गोम कुठे आहे?

माझं मत असं झालंय की पहिल्या वाचनात आपल्याला दोन गोष्टी ओढत नेतात, एक नवलाई आणि दुसरं पुढे काय होणार. या दोन्ही एकदाच मिळतात आणि परत वाचताना त्या संपलेल्या असतात. मग उरतो तो जादूचा हिशोब. म्हणजे या जादूला पैसे पडतात का, आणि पडत असतील तर ते कोण भरतंय. ज्या गोष्टीत मंत्र म्हटला आणि काम झालं, उडत्या गालिच्यावर बसले आणि पोचले, ती दुसऱ्या वाचनात फुसकी निघते, कारण त्यात आश्चर्याशिवाय काहीच नव्हतं. आणि ज्या गोष्टीत प्रत्येक चमत्कारामागे कुणाचं तरी काहीतरी जातंय, ती परत वाचताना उलट जास्त घट्ट होते, कारण पहिल्यांदा आपलं लक्ष चमत्काराकडे होतं, बिल कुणाच्या नावावर फाटलं ते आपण बघितलंच नव्हतं.

आता तुमचा चांदोबाच घ्या. चांदमामा १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी काढलेला, आणि मराठी चांदोबा १९५२ पासून. त्यात विक्रम-वेताळ दर महिन्याला. मूळच्या वेताळपंचविशीत गोष्टी पंचवीसच, पण चांदोबानं त्या चौकटीत वर्षानुवर्षं नव्या गोष्टी घातल्या, आणि ती चौकट कुणाला कधी कंटाळवाणी झाली नाही. का? कारण अट बघा ना. राजानं उत्तर माहीत असून गप्प बसावं तर डोक्याची शकलं होणार, बोलावं तर मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर. म्हणजे शहाणपण दाखवायची शिक्षा काय, तर परत स्मशानातनं तंगडतोड. लहानपणी आपण मधली गोष्ट वाचतो आणि कोडं सोडवायला बघतो, हे बरोबर की ते बरोबर. आता वाचताना मात्र माझं लक्ष शंकर यांच्या त्या चित्राकडेच जातं, हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि राजा चाललाय, आणि वाटतं अरे हा माणूस दर महिन्याला बरोबर उत्तर देतोय आणि दर महिन्याला त्याच कारणासाठी त्याचं काम वाया जातंय. ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. तुम्ही रात्री दोनपर्यंत जाग्या राहिलात त्यात नवल ते काय.

आता पॉटर. पहिला भाग इंग्रजीत १९९७ चा, सातवा २००७ चा, म्हणजे तुमची पिढी त्या पोरांबरोबरच वाढली. तुम्ही पन्नास पानांत सोडलंत कारण पहिल्या भागाचा सुरुवातीचा मोठा भाग नवलाईवरच उभा आहे. पत्रं येतात, भिंत उघडते, कांडीचं दुकान, प्लॅटफॉर्म पावणेदहा. हे सगळं एकदाच वाचायचं असतं, आणि वर सिनेमे बघून बघून आपल्याला ते पाठ झालंय, त्यामुळे डोळे ओळीवर असतात आणि मन दोन पानं पुढे. वर्गात शिकवतात ते बहुतेक मंत्र फुकटच आहेत, कांडी हलवली की पीस उडतं. पण लेखिका रोलिंगबाईंनी खाली एक दुसरं खातं उघडून ठेवलंय आणि ते पहिल्या वाचनात दिसतच नाही. पहिल्याच प्रकरणात शाळेचा रखवालदार हॅग्रिड बाळ हॅरीला मोटरसायकलवरनं घेऊन येतो आणि जाता जाता सांगतो की गाडी सिरियस ब्लॅककडनं मागून आणली. कुणाच्या लक्षात राहतंय? तो सिरियस तिसऱ्या भागात येतो तेव्हा कळतं की त्या रात्री त्या माणसाचं सगळं गेलं होतं, मित्र गेला, पुढे तुरुंग, आणि आपण ते वाक्य गाडी भारी आहे म्हणून वाचलं होतं. पहिल्या भागात स्नेप मास्तर वर्गात बेझोअर नावाच्या विषावरच्या उताऱ्याबद्दल विचारतो आणि सहाव्यात त्या उताऱ्यानंच हॅरीच्या मित्राचा, रॉनचा जीव वाचतो. पाचव्या भागात घर साफ करताना कुणालाच न उघडणारं एक लॉकेट निघतं, एका ओळीत येतं आणि जातं, आणि सातव्यात त्याच्यावरच सगळं अडतं.

आणि अजून एक, हे मी छत्तिशीतल्या मेंबरांना मुद्दाम सांगतो. सातव्या भागात हॅरीच्या आईबापाच्या थडग्यावर तारखा आहेत. दोघांचा जन्म १९६० चा, मरण ३१ ऑक्टोबर १९८१. एकवीस वर्षांची पोरं होती ती! आणि पहिल्या भागातला स्नेप जेमतेम एकतीसचा. सिनेमात तो वयस्कर दिसतो म्हणून आपण त्याला सर समजून बसलो, पण पुस्तकात तो तुमच्यापेक्षा लहान आहे ताई. हे एकदा डोक्यात बसलं ना की सगळी मोठी माणसं वेगळीच दिसायला लागतात. पहिल्यांदा वाचताना रॉनची आई मिसेस वीझली म्हणजे स्वेटर विणणारी आणि ओरडणारी काकू. पाचव्या भागात ती लिहायच्या मेजातनं निघालेल्या बोगार्टसमोर, म्हणजे समोरच्याच्या सगळ्यात मोठ्या भीतीचं रूप घेणाऱ्या प्राण्यासमोर, उभी राहते आणि तिला एकेक करून स्वतःच्या पोरांची प्रेतं दिसतात, ते प्रकरण आई झाल्यावर वाचा, मग बोलू.

बाईंनाही फुकट जादू नडली होती बरं का. तिसऱ्या भागात काळ मागे फिरवायचं यंत्र आणलं, मस्त जमलं, पण मग कुठलाही वाचक विचारणार की आता कुणी मेलं तर मागे जाऊन वाचवा की. पाचव्या भागात जादूमंत्रालयातल्या मारामारीत ती यंत्रं फुटून जातात, सगळीच्या सगळी. नियम मोडणारी वस्तू स्वतःच्याच हातानं मोडून टाकावी लागली.

यापेक्षा भारी उदाहरण टॉल्कीनचं आहे आणि ते मला फार आवडतं. द हॉबिट १९३७ चं. त्यात नायक बिल्बोला अंधाऱ्या गुहेत एक अंगठी सापडते, घातली की माणूस अदृश्य. पहिल्या आवृत्तीत ती साधी जादूची अंगठी होती, म्हणजे फुकटातली. गुहेत राहणारा गॉलम कोड्यांच्या खेळात ती बक्षीस म्हणून लावतो, हरल्यावर द्यायला जातो, सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बाहेरची वाट दाखवतो. बिचारा सभ्य माणूस! पुढे लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिताना टॉल्कीननं त्याच अंगठीला जबर किंमत लावली, जो जवळ बाळगेल त्याला ती खात जाते. आता अशी वस्तू कुणी बक्षीस म्हणून लावेल का? मग १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. आता गॉलमला अंगठी गेल्याचं कळतं तेव्हा तो खवळून बिल्बोच्या मागे लागतो. आणि जुन्या आवृत्तीचं काय करायचं, तर ते बिल्बोनं लोकांना सांगितलेलं खोटं होतं असं ठरवून टाकलं. काय डोकं आहे बघा, स्वतःची चूक कादंबरीच्या पोटात घातली आणि तिचाच पुरावा केला, की बघा, अंगठी हातात आल्याबरोबर सज्जन माणूस खोटं बोलायला लागला. नाद खुळा! म्हणजे लेखकानं स्वतःचं पुस्तक परत वाचलं तेव्हा त्यालाही तोच प्रश्न पडला जो मी म्हणतोय, ही जादू फुकट कशी.

तुमच्या खोक्यातलं ते जाडजूड बाड कॉलेजात तुम्ही लढाया बघायला वाचलं असणार, सगळेच तसं वाचतात, गाणी गाळून, टॉम बॉम्बाडिल गाळून. आता वाचाल तेव्हा शेवटाकडे लक्ष द्या. अंगठी आगीत टाकून नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो ती टाकत नाही. तिथपर्यंत पोचतो आणि म्हणतो ही माझी. ती जाते ती गॉलममुळे. पहिल्या वाचनात आपण सुटलो म्हणून टाळ्या वाजवतो आणि हे विसरून जातो की नायक हरला. नंतर घरी आल्यावर गावाची वाट लागलेली, ते पूर्ण प्रकरण सिनेमात घेतलेलंच नाही, त्यामुळे अनेकांना माहीतच नसतं. आणि त्याच्याही पुढे बारीक तारखांत एक गोष्ट आहे. वेदरटॉप टेकडीवर फ्रोडोला सुरा लागतो तो ६ ऑक्टोबर. नंतर दर वर्षी त्या दिवशी त्याला त्रास होतो. सगळं जग वाचलं, राजा आला, लग्नं लागली, आणि हा माणूस त्या तारखेला पांढराफटक पडून कुठेतरी लांब बघत बसलेला. टॉल्कीन १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होता, खंदकातला ताप घेऊन परत आला. आपल्या जिल्ह्यात फौजेतली घरं कमी नाहीत, ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं त्यांना ६ ऑक्टोबर समजावून सांगायला लागत नाही. आमचे बँकवाले गृहस्थ आधी फौजेत होते हे मला बऱ्याच उशिरा कळलं. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांनी मराठीत केलंय, 'स्वामी मुद्रिकांचा', परत वाचायला ते घेतलंत तरी चालेल, उलट बरंच, कारण ओळखीची वाक्यं नसल्यामुळे डोळे पळत नाहीत.

अर्सुला ले ग्विन तुमच्या खोक्यात नाही, पण तुम्हाला परत वाचायचंच वेड असेल तर ही बाई वाचल्याशिवाय राहू नका. 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं, लहानसं पुस्तक. गेड नावाचा हुशार आणि माजोरडा पोरगा, जादूच्या शाळेत कुणीतरी डिवचलं म्हणून मेलेल्या माणसाला बोलवायला जातो आणि तिथनं एक सावली बाहेर येते. ती फट बुजवताना शाळेचा म्हातारा मुख्य जादूगार मरतो, गेडच्या तोंडावर कायमचा व्रण. सगळं पुस्तक त्या एका फुशारकीची परतफेड आहे. पंधराव्या वर्षी ही पाठलागाची गोष्ट वाटते, नोकरीत दोन-चार वेळा तोंडघशी पडलेल्या माणसाला ती भलतीकडेच नेते. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९७२ पर्यंत तीन पुस्तकं झाली आणि सगळ्यांना वाटलं संपलं. तिसऱ्यात गेड जगाला पडलेलं भोक बुजवतो आणि त्यात स्वतःची सगळी जादू खर्च करून बसतो. मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ले ग्विन परत त्याच बेटांवर आली आणि 'तेहानू' लिहिलं. आता जादू गेलेला गेड घरी येतो, आणि गोष्ट आहे टेनार नावाच्या विधवेची, शेळ्या, चूल, आणि एक भाजलेली पोर जिला तिच्याच माणसांनी आगीत टाकलंय. बाईनं स्वतःच्या जगात जाऊन विचारलं की सगळे जादूगार पुरुषच का, आणि ते जादू करत फिरत होते तेव्हा मागे घरात काय चाललं होतं. अनेक चाहते नाराज झाले, त्यांना ड्रॅगन पाहिजे होते. माझ्या मते परत वाचणं म्हणजे काय हे त्या एका पुस्तकाएवढं कुणीच दाखवलेलं नाही.

कोल्हापुरात बसून हे सगळं बोलायचं आणि 'ययाति'चं नाव घ्यायचं नाही म्हणजे पाप. खांडेकर इथलेच म्हणायचे, राजारामपुरीत राहायचे, पुस्तक १९५९ चं, ज्ञानपीठ १९७४ चं, विद्यापीठात त्यांचं संग्रहालय आहे, लेकीला घेऊन जा एकदा. कुणी म्हणेल ही फँटसी नाही. नसू दे की. शुक्राचार्यांचा शाप आहे, संजीवनी विद्या आहे, बापाचं म्हातारपण मुलाच्या अंगावर जातंय, अजून काय पाहिजे? आणि हिशोबाच्या दृष्टीनं बघितलं तर यापेक्षा उघडं पुस्तक नाही, तारुण्य ययातीला पाहिजे आणि पैसे भरतोय पुरू. गोष्ट तिघांच्या तोंडून येते, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं मी बघितलंय, कॉलेजात नेताना शर्मिष्ठेसाठी रडतात, आणि चाळिशीत परत नेलं की देवयानीबद्दल बोलायला लागतात, की ती एवढी वाईट नव्हती हो, तिला फसवलंच होतं सगळ्यांनी. पुरुष मेंबर तेवढे ययातीच्याच बाजूनं राहतात, कुठल्याही वयात, त्याचं काय करायचं मला माहीत नाही.

अरेबियन नाइट्सबद्दल फार नाही बोलत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून मराठीत 'सुरस व चमत्कारिक गोष्टी' चालत आल्यात, त्यातल्या लहान मुलांच्या पातळ आवृत्त्या तुम्ही वाचल्या असणार. त्या परत वाचू नका, फुकट जादूचा कारखाना आहे तो, दिवा घासला की महाल. वाचायचं तर गौरी देशपांड्यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी भाषांतरावरून केलेलं सोळा खंडांचं वाचा, मुलांच्या हातात मात्र ते देऊ नका. तिथे कळतं की खरी गोष्ट दिव्याची नाहीच, राजाला या गोष्टी सांगणाऱ्या शहरजादची आहे. रोज रात्री गोष्ट चांगली झाली नाही तर सकाळी मान उडणार. सगळ्या फुकट चमत्कारांचं भाडं ती एकटी बाई भरत असते. आणि अल्लाउद्दिनची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हतीच, पॅरिसमध्ये गालाँ नावाच्या फ्रेंच माणसाला ती १७०९ मध्ये हाना दियाब नावाच्या सीरियन तरुणानं सांगितली. मला वाटतं ती वेगळी लागते ती त्यामुळेच.

धारप. इथे माझ्या मेंबरांशी माझी भांडणं होतात. त्यांचा भुताखेतांना हरवणारा नायक म्हणजे समर्थ, त्या समर्थांच्या गोष्टी लहानपणी वाचताना घाम फुटायचा, पण परत वाचताना समर्थ आले की आपण निवांत होतो, आता काही होत नाही. तारणहाराची ताकद कधी कमीच पडत नसेल तर ती फुकटच झाली ना. धारपांच्या ज्या गोष्टींत कुणी वाचवायला येत नाही, साधं घर, साधी माणसं, आणि हळूहळू काहीतरी बिनसत जातं, त्या मात्र आजही वाचल्यावर मी वाचनालय बंद करताना मागच्या खोलीतला दिवा सगळ्यात शेवटी घालवतो. २०१८ मध्ये 'तुंबाड' हा भुताचा सिनेमा आला तेव्हा पोरं येऊन धारप आहेत का विचारायला लागली, चांगलं झालं.

आता कुठलं परत वाचावं याची माझ्याकडे एक खात्रीची कसोटी आहे, पण ती नशिबानं, म्हणजे कमनशिबानं मिळालेली. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला माहीतच आहे. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, ती कुठल्या कुठे मागे पडली. पाणी उतरल्यावर लोक पिशव्यांतून ओली पुस्तकं घेऊन माझ्याकडे यायला लागले, वाचवता येतात का विचारायला. साधा कागद असला की जमतं: पुस्तक उभं करून पंख्यासारखं उघडायचं, पंधरा-वीस पानांमागे कोरा टिपकागद घालायचा, तो भिजला की बदलायचा, वर फॅन लावायचा, पण उन्हात ठेवायचं नाही, उन्हात पानं पापडासारखी वाकडी होतात. गुळगुळीत चित्रांची पानं मात्र एकमेकांना चिकटली की गेलीच, ओढली तर शाई दुसऱ्या पानावर जाते. तर यातली बरीच पुस्तकं गेली, आणि नंतरच्या वर्षभरात लोकांनी पदरचे पैसे घालून परत काय घेतलं ते मी बघत होतो. जाडजूड बेस्टसेलर मालिका कुणी परत घेतल्या नाहीत. टॉल्कीन घेतलं, ययाति घेतलं, पॉटरमधला एखादाच भाग घेतला, बहुतेक तिसरा नाहीतर पाचवा. एका मावशींनी चांदोबाचे जुने अंक बांधून ठेवलेले ते गेले, तर त्या जुन्या बाजारात महिनोन्महिने शोधत होत्या. तर तुम्ही पण खोक्यासमोर बसून विचारा स्वतःला, हे पाण्यात गेलं तर मी परत विकत घेईन का? 'नाही' आलं तर ते पुस्तक बिनधास्त आठवणीत ठेवा, उघडूसुद्धा नका, कुणाला तरी देऊन टाका.

कसं वाचायचं म्हणाल तर, पॉटर पहिल्यापासून वाचायचा हट्ट सोडा. तुम्हाला पहिले दोन भाग पाठ आहेत, सरळ तिसऱ्यापासून धरा, आणि मग सातवा संपल्यावर पहिला घ्या, तेव्हा ती मोटरसायकल दिसेल. मधे सिनेमा लावायचा नाही, निदान वाचून होईपर्यंत तरी. मोबाईलवर परत वाचू नका असं माझं मत आहे, नवीन पुस्तक मोबाईलवर वाचता येतं, पण परत वाचताना माणसाला मागे जावं लागतं, हे आधी कुठे आलं होतं ते शोधावं लागतं, आणि ते डाव्या पानावर खाली होतं अशीच आठवण असते आपल्याला. तुमचीच जुनी प्रत वाचा. त्यात तुम्ही पेन्सिलीनं खुणा केल्या असतील तर वाचताना बघा तेव्हा कुठे खूण केली होती आणि आता कुठे करावीशी वाटते, पण जुन्या खोडू नका. आणि मालिका अर्धवट असेल, लेखकानं पुढचा भाग द्यायचं नाव घेत नसेल, तर परत वाचण्यात वेळ घालवू नका. गेम ऑफ थ्रोन्सवाल्यांना मी हेच सांगतो. पाचवा भाग २०११ ला आला, दोन अजून बाकी आहेत, तोपर्यंत हिशोब लागतच नाही, नुसता अंदाज चालतो. काही पोरांना तोच अंदाज आवडतो, त्यांना शुभेच्छा.

लेकीचं सांगतो. नऊ वर्षं म्हणजे तिला नवलाई पाहिजे, तिला फुकट जादू भरपूर वाचू दे, आपला हिशोब तिच्या डोक्यावर लादायचा नाही. पॉटरचा पहिला भाग द्या, मराठीत पाहिजे असेल तर 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे, आणि शक्यतो रोज रात्री तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. तुमचा कंटाळासुद्धा त्यात जाईल, कारण मोठ्यानं वाचताना ओळ गाळता येत नाही. तिनं विचारलं हा सिरियस कोण, तर सांगायचं नाही. पुढे काय होतं तेही सांगायचं नाही, कितीही मागे लागली तरी. चौथ्या भागापासून माणसं मरायला लागतात, तो दोन-तीन वर्षांनी. चांदोबाचे अंक तिच्या हातात द्या पण शिवण सुटली असेल तर आधी आमच्याकडे आणा, बाइंडर अजून आहे लक्ष्मीपुरीत, स्वस्तात करून देतो. टॉल्कीनमधलं द हॉबिट आत्ता चालेल, बाकीचं तिचं तिला सापडू दे. धारप मात्र खोक्यात सगळ्यात खाली ठेवा, आणि तरी तिनं शोधून काढलाच तर पुढचे आठ दिवस रात्री बाथरूमपर्यंत सोबत तुम्हालाच जायला लागणार, माझ्याकडे तक्रार आणायची नाही.